घासाघीस नेमकी कशावर?

पौर्णिमेच्या दिवशी गाणगापुरात गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील असतं. सोलापूरच्या एमएच १३, लातूरच्या एमएच २४, पुण्याच्या एमएच १२, कलबुर्गीच्या केए ३२, बीदरच्या केए ३८ आणि मधूनच तेलंगणातून आलेल्या टीएस पाट्या. निर्गुण पादुकांचं दर्शन आणि नव्या गाडीची पूजा एकाच फेरीत उरकणारी मंडळी या गर्दीत हमखास असतात. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. पूर्वी या रांगेत बोलेरो, इनोव्हा आणि स्विफ्ट दिसायच्या. आता एखादी लाल-काळी, बुटकी, चालू केली की गुरगुरणारी गाडीही असते. तिच्याभोवती जमलेली पोरं मालकाला दोनच गोष्टी विचारतात. कितीला पडली? आणि पासिंग कुठलं?

यातला दुसरा प्रश्न जास्त पैशांचा आहे. शोरूममध्ये फूटमॅट फुकट मिळावेत म्हणून तासभर हुज्जत घालणारा गिऱ्हाईक करापोटी लाख-सव्वा लाख मुकाट्याने भरतो आणि विम्याच्या आकड्याकडे पाहतही नाही. सोबत नेलेले मामा किंवा मेव्हणे भाव पाडण्यात पटाईत असतात, पण त्यांची सगळी ताकद एका शब्दावर खर्च होते: डिस्काउंट. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तर ही ताकद बहुतेक वेळा वायाच जाते.

आधी कराचा हिशेब. गाणगापूर अफझलपूर तालुक्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं. शेजारचा अक्कलकोट तालुका लागला की महाराष्ट्र. कर्नाटकात मोटारीवरचा आजीवन कर किमतीनुसार चढतो: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, १० लाखांपर्यंत १४, २० लाखांपर्यंत १७ आणि त्यापुढे १८ टक्के. शिवाय त्या करावर ११ टक्के उपकर. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के.

फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घ्या. दीड लिटरचं टर्बो इंजिन आणि १५० अश्वशक्ती असलेली ही गाडी शुद्ध अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हे, पण कलबुर्गी-सोलापूर पट्ट्यातल्या तरुणांना परवडण्याच्या जवळपास जाणारी वेगवान गाडी हीच. ती बनते पुणे जिल्ह्यातल्या चाकणला. हिशेबापुरती एक्स-शोरूम किंमत १८ लाख धरली, तर सोलापूरला तिचा कर २ लाख १६ हजार होतो. कलबुर्गीला १७ टक्के आणि त्यावरचा उपकर मिळून सुमारे ३ लाख ४० हजार. फरक जवळपास सव्वा लाखाचा. इतकी सूट कुठलाही सेल्समन स्वतःच्या अधिकारात देऊ शकत नाही.

मग सीमेवरच्या माणसाच्या मनात जे येतं ते येतंच. सोलापूरला आत्या राहते, तिच्या पत्त्यावर गाडी घेतली तर? गल्लोगल्ली हा सल्ला फुकट मिळतो. शोरूममधलाही कोणी हळूच म्हणतो, "साहेब, पत्त्याचं आमच्यावर सोडा." सौद्यातली ही सर्वांत महाग सवलत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४० प्रमाणे नोंदणी व्हायला हवी ती मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि जिथे गाडी एरवी ठेवली जाते, त्या राज्यात. कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घ्यायचा. आत्याच्या पत्त्यावरची गाडी रोज अफझलपूरच्या बाजारात उभी असेल, तर सव्वा लाख वाचले नाहीत. ते फक्त पुढे ढकलले आणि सोबत दंडाची टांगती तलवार घेतली.

ही तलवार मोठ्या गाड्यांवर पडते तेव्हा बातमी होते. २०२५ च्या जुलैमध्ये बेंगळुरूत परिवहन अधिकाऱ्यांनी एक लाल फेरारी एसएफ९० अडवली. पाटी महाराष्ट्राची, वावर बेंगळुरूत. त्या गाडीसाठी कर आणि दंड मिळून सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये भरावे लागले. इतकी रक्कम वाचवायचा मोह का व्हावा, याचं उत्तर महाराष्ट्राच्या नियमात आहे. तिथे एका मोटारीवरच्या कराला कमाल मर्यादा आहे. ती बराच काळ २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. कर्नाटकात अशी मर्यादा नाही. म्हणजे जुन्या मर्यादेनुसार सात-साडेसात कोटींच्या गाडीला एका बाजूला २० लाख, दुसऱ्या बाजूला दीड कोटी. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेंगळुरूच्या अधिकाऱ्यांनी एका दिवसात ३० आलिशान गाड्या ताब्यात घेतल्या होत्या, त्याही परराज्याच्या पाट्यांच्या. केरळातल्या श्रीमंतांनी हाच प्रयोग पुदुच्चेरीच्या पत्त्यांवर केला आणि २०१७ मध्ये त्यात सिनेमातल्या मंडळींची नावं झळकली.

उलट्या दिशेचं उदाहरण पुण्याचं, आणि ते जास्त बोचरं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये ज्या पोर्शे टायकनने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, ती गाडी बेंगळुरूच्या डीलरने मार्चमध्ये आयात करून तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात पाठवली होती. इलेक्ट्रिक असल्याने महाराष्ट्रात तिला रस्ता कर नव्हताच. कायम नोंदणी अडकली होती ती १,७५८ रुपयांच्या शुल्कावर. ती रक्कम भरली गेली नाही आणि गाडी रस्त्यावर फिरत राहिली. त्या प्रकरणातले गंभीर प्रश्न वेगळे आहेत, ते न्यायालयात आहेत. पण विक्रीच्या अंगाने पाहिलं तर एक गोष्ट नजरेत भरते: कोट्यवधींच्या वस्तूचा ताबा देताना नोंदणी पूर्ण झाली की नाही हे ना विकणाऱ्याने तडीस नेलं, ना घेणाऱ्याने. कायम नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात घेणार नाही, ही अट खरेदीदाराने सौद्यात पहिल्यांदा घालायला हवी. तिला पैसे पडत नाहीत.

आता डिस्काउंटकडे. शोरूममालक कंजूष असतो म्हणून सूट देत नाही, हा समज अर्धाच खरा. अनेकदा त्याचे हात वरूनच बांधलेले असतात, आणि याचा देशातला सर्वांत गाजलेला पुरावा महाराष्ट्रातूनच आला. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल पोहोचला. पाठवणारा स्वतःला मारुती सुझुकीचा डीलर म्हणवत होता. तक्रार अशी, की महाराष्ट्रासह पश्चिम विभागातल्या डीलरना कंपनीने ठरवून दिल्यापेक्षा जास्त सूट देता येत नाही. दिली तर दंड होतो. आयोगाच्या चौकशीत पुढे आलेली पद्धत एखाद्या हेरकथेत शोभावी अशी होती. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, जास्तीची सूट मागायची आणि ती मिळाली की पुराव्यासह अहवाल द्यायची. मग डीलरला खुलासा मागितला जाई. दंड शोरूमलाच नव्हे, तर मॅनेजर, टीम लीडर आणि सेल्समनलाही बसे, आणि तो कुठे जमा करायचा हेही कंपनी सांगे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने मारुतीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली आणि वसुलीला स्थगिती मिळाली. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईवरही असाच ८७ कोटींचा दंड झाला होता, तो २०१८ मध्ये अपिलात रद्द झाला.

यातून गिऱ्हाइकाने काय घ्यायचं? समोरचा सेल्समन "वरून परवानगी नाही हो" म्हणतो तेव्हा तो नेहमी खोटं बोलत नाही. त्याच्याशी एक्स-शोरूम किमतीवर भांडणं म्हणजे जे त्याच्या हातात नाही ते मागणं. शिवाय गाडीवरचा डीलरचा मूळ नफा फार नसतो. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि पुढच्या सर्व्हिसिंगवर होते. साहजिकच घासाघिशीला वाव असतो तोही तिथेच.

स्पोर्ट्स कारमध्ये हे आणखी ठळक होतं, कारण तिथे गाड्या मोजक्या आणि घेणारे तयार असतात. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आणली, तेव्हा पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच संपल्या होत्या, आणि बुकिंग करण्यासाठी लोकांना प्रश्नमंजुषा सोडवावी लागली होती. पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाची परीक्षा! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएसच्या फक्त १०० गाड्या आणल्या. त्याही लगेच गेल्या. अशा ठिकाणी भाव पाडायला गेलेला माणूस रांगेतून बाहेर पडतो, एवढंच. जुन्या लोकांना ही गंमत नवी नाही. बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या आणि लवकर हवी तर वर 'ऑन' मोजलेल्या पिढीने हे सगळं पाहिलं आहे.

पण रांग कायम राहतेच असं नाही. २०१६ मध्ये फोक्सवॅगननेच पोलो जीटीआय आणली होती. मोजक्या ९९ गाड्या, तीन दारं, १९२ अश्वशक्ती आणि किंमत सुमारे २६ लाख. पोलोसारख्या दिसणाऱ्या गाडीला एवढे पैसे मोजायला भारतीय गिऱ्हाईक तयार झाला नाही. वर्षभरात कंपनीने किंमत २० लाखांच्या आत आणली. पहिल्या दिवशी घेणाऱ्याने हौस भागवली, थांबणाऱ्याचे सहा लाख वाचले. कुठली गाडी यातल्या कुठल्या जातीची, हे ओळखणं हीच स्पोर्ट्स कारच्या सौद्यातली खरी अक्कल. गाडीचा बोलबाला किती, गाड्या किती आल्या, आणि शोरूमच्या मागच्या आवारात धूळ खात उभ्या किती, हे पाहावं. धूळ खात उभी असलेली गाडी डीलरच्या कर्जावर व्याज चढवत असते, आणि तिथे त्याचा आवाज आपोआप मऊ होतो.

काही कंपन्यांनी हा खेळच बंद केला. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने २०२१ च्या ऑक्टोबरपासून गाड्या थेट स्वतः विकायला सुरुवात केली. मालसाठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर एकच एक्स-शोरूम किंमत. डीलर उरला तो गाडी दाखवणारा, ताबा देणारा आणि सर्व्हिस करणारा. चाकणमध्येच जुळणी झालेल्या एएमजी ए ३५ सारख्या गाडीसाठी पुण्याच्या शोरूममध्ये आणि हैदराबादच्या शोरूममध्ये भाव एकच. मामांची मोठी निराशा होते खरी, पण कलबुर्गीहून जाणाऱ्या माणसासाठी ही पद्धत न्यायाची आहे. महानगरात ओळखीपाळखीवर मिळणारी सूट त्याला एरवीही मिळत नव्हती. आता किमान त्याला ठाऊक असतं की शेजारच्या टेबलावरचा माणूस दोन लाख कमी देऊन जात नाही.

तरीही कोटेशनच्या बाकीच्या ओळी मोकळ्याच असतात आणि त्यांकडे बारकाईने पाहिलं पाहिजे. विमा घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एका वर्षाचा चालतो, आणि तो शोरूमनेच सुचवलेल्या कंपनीचा हवा अशी कुठलीही सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर दाखवलं की तोच सेल्समन पंधरा मिनिटांत नवा आकडा आणतो. आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. जुन्या गाडीवर दावा न केल्याबद्दल साचलेला नो-क्लेम बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, तर नव्या गाडीच्या नुकसान-विम्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. महागड्या गाडीत ही रक्कम भल्याभल्या डिस्काउंटला मागे टाकते. शोरूममध्ये जुनी गाडी एक्सचेंजला देणाऱ्याला याची आठवण कोणी करून देईलच असं नाही.

टीसीएसची ओळ पाहून काही जण भडकतात. १० लाखांहून महाग गाडीवर १ टक्का आयकर शोरूम वसूल करतं, तो कायद्यानेच, आणि विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. फक्त पॅन नंबर बरोबर लिहिलाय ना ते पाहावं. मात्र 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'फॅसिलिटेशन' अशा नावांनी येणाऱ्या ओळींपाशी थांबावं. हे कुठल्या सरकारी पावतीचे पैसे, एवढंच शांतपणे विचारावं. सरकारी पावती नसेल तर ती ओळ खोडायला सांगावी. टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग आणि अ‍ॅक्सेसरीजच्या 'सक्तीच्या' पॅकेजचंही तेच.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. हीच हँडलिंगची रक्कम वाचवणारा माणूस पुढच्या खिडकीवर आवडीच्या नंबरसाठी हसत पैसे मोजतो. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये चारचाकीसाठी ०००१ या नंबरचं शुल्क ३ लाखांवरून ५ लाख केलं, मुंबई-पुण्यात ६ लाख. त्यावर घासाघीस नाही, आणि कोणी करतही नाही.

वेळ कुठली निवडावी, याला आपल्याकडे पंचांगाचा आधार आहे, फक्त तो उलटा वापरावा लागतो. गुढीपाडवा आणि दसऱ्याला शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी भाव करणं म्हणजे वेळेचा अपव्यय. पितृपक्षात मात्र तीच शोरूम ओस पडलेली असते. मॅनेजर स्वतः चहा विचारतो, महिन्याचं टार्गेट अपुरं असतं. त्या पंधरवड्यात बुकिंग करून कागदावर भाव पक्का करावा आणि ताबा घटस्थापनेला किंवा दसऱ्याला घ्यावा. पितरांचीही यावर हरकत नसावी. डिसेंबरचा शेवट हा दुसरा मोका, कारण जानेवारी उजाडला की तीच गाडी कागदोपत्री एक वर्षाने जुनी होते. अर्थात गिऱ्हाइकाकडेही ती जुन्या वर्षाचीच म्हणून येते आणि विकताना तेवढी किंमत कमी होते. सूट त्याहून मोठी असेल तरच हा व्यवहार फायद्याचा.

२०२५ चा पितृपक्ष तर खास होता. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने मोटारींचे दर बदलले आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, नेमके घटस्थापनेला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. मोठ्या गाड्यांचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के झाला. त्यामुळे टाटाची अल्ट्रोझ रेसर किंवा ह्युंदाईची आय२० एन लाइन या छोट्या, चपळ गाड्या करापुरत्या अल्टोच्या पंगतीत बसतात. वेगाची हौस आणि खिसा दोन्ही सांभाळायचे असतील तर सध्या याहून सोयीची जागा नाही. कलबुर्गीतल्या गिऱ्हाइकाला तर दुहेरी लाभ, कारण किंमत १० लाखांच्या आत राहिली की रस्ता करही १७ ऐवजी १४ टक्क्यांनी लागतो. कोटेशनमध्ये एखादं व्हेरियंट दहा लाखांच्या रेषेला जेमतेम ओलांडत असेल, तर ती रेष किती हजारांना पडते हे आधी काढावं.

पैसे देण्याआधी गाडी प्रत्यक्ष पाहणं हा सौद्याचाच भाग आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून टाटाच्या गाडीचे पूर्ण पैसे भरले. हाती आली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर आधीच चाललेली. प्रकरण जिल्हा मंचापासून चढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की डीलरच्या या कृत्याची माहिती कंपनीला असल्याचं सिद्ध झालेलं नाही, दोघांतला व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा आहे, त्यामुळे कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. निकाल कायद्याला धरून असेल, पण ग्राहकाच्या दृष्टीने तो कडू आहे. बॉनेटवरचं चिन्ह पाहून आपण विश्वास टाकतो, आणि वाद झाला की समोर उरतो तो फक्त स्थानिक डीलर. म्हणून चासी नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि मीटरवरचा आकडा बिल फाडण्याआधी तपासावा आणि तोच चासी नंबर बिलावर लिहून घ्यावा. डेमो म्हणून फिरवलेली गाडी नवीन म्हणून खपवण्याचा प्रकार स्पोर्ट्स कारमध्ये जास्त महागात पडतो, कारण टेस्ट ड्राइव्हला आलेला प्रत्येक जण ती पिळूनच काढतो.

सीमेवरच्या ग्राहकाला एक सोय मात्र नव्या कायद्याने दिली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. गाडी पुण्यात घेतली म्हणून पुण्याला खेटे घालायला नकोत. कलबुर्गीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. फक्त सगळं कागदावर हवं. "बोलणं झालंय ना साहेब" हे वाक्य कुठल्याच आयोगात चालत नाही.

सोलापूरच्या शोरूममधून घेऊन कलबुर्गीला कर भरून केए ३२ पासिंग करणं, हा पूर्ण कायदेशीर मार्ग आहे. तात्पुरती नोंदणी मिळते, कर आपल्या राज्यात भरला जातो, आणि दोन शहरांतल्या डीलरना एकमेकांचा भाव दाखवता येतो. काही डीलर हद्दीबाहेरच्या गिऱ्हाइकाला नाखुशीने वागवतात, तरी विचारायला काय जातं? करातले सव्वा लाख यात वाचत नाहीत, पण विमा, एक्सचेंज आणि अ‍ॅक्सेसरीजच्या ओळींवर स्पर्धा उभी राहते आणि झोप शाबूत राहते.

मात्र सगळा भार गिऱ्हाइकाच्या हुशारीवर टाकणंही बरोबर नाही. एकाच गाडीवर सीमेच्या अलीकडे १२ टक्के आणि पलीकडे जवळपास १९ टक्के ठेवायचे, कोट्यधीशाला एका बाजूला कमाल मर्यादा द्यायची, आणि मग नाक्यावर गाड्या अडवायच्या, हे धोरण नव्हे. एक समान आधार शक्य आहे हे केंद्राने बीएच मालिकेत दाखवलं आहे. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार बदलीच्या नोकरीवाल्यांना पेट्रोल गाडीसाठी देशभर ८, १० आणि १२ टक्के असे दर लागतात, आणि कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरता येतो. बँकेतल्या साहेबाला जे मिळतं ते अफझलपूरच्या ऊस बागायतदाराला का नको? दोन्ही राज्यांनी निदान सीमेवरच्या जिल्ह्यांपुरती तरी दरांची तफावत कमी करायला बसावं.

दुसरं काम तर याहून सोपं आहे. सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत कर आणि शुल्क आपोआप निघतं. शोरूमचा कारकून तेच भरतो. तेव्हा प्रत्येक कोटेशनवर एक्स-शोरूम किंमत, कर, नोंदणी शुल्क, टीसीएस आणि विमा एका बाजूला, आणि शोरूमच्या मर्जीतल्या सगळ्या ओळी वेगळ्या रकान्यात 'ऐच्छिक' अशा शिक्क्यासह छापल्या पाहिजेत. कन्नड, मराठी किंवा इंग्रजी, गिऱ्हाईक मागेल त्या भाषेत. त्याला नवा कायदा कशाला, दोन राज्यांच्या परिवहन आयुक्तांचं एकेक परिपत्रक पुरेसं ठरावं.